फिटच्या गोळीची लेव्हल : रक्त नेमकं कधी द्यायचं?

एकाच माणसाचे दोन रिपोर्ट. औषध तेच, डोस तोच, मधे तीन आठवडे गेलेले. पहिल्या रिपोर्टात व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी ९२, दुसऱ्यात ५४. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "लॅबची काही चूक झाली का?" दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात, पेशंटकडे बघून : "गोळ्या चुकवल्यास का रे?" बहुतेक वेळा दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं असतं. पहिल्या खेपेला रक्त दिलं सकाळी साडेदहाला, गोळी घेऊन तीनेक तास झाल्यावर. दुसऱ्या खेपेला दिलं सात वाजता, गोळी घ्यायच्या आधी. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांचे आहेत. आणि ती वेळ दोन्ही रिपोर्टांवर कुठेच लिहिलेली नाही.

मी नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. 'फेनिटॉइन लेव्हल', 'कार्बामाझेपिन लेव्हल', 'व्हॅल्प्रोएट लेव्हल' अशा चिठ्ठ्या घेऊन लोक येतात. बरेचसे लांबून, सिन्नर, निफाड, दिंडोरी, सुरगाण्याकडून पहाटेची एसटी धरून आलेले असतात. एवढा खर्च, एवढा प्रवास करून हातात जो आकडा पडतो, त्याचा अर्थ लागत नसेल तर ते फार वाईट आहे. वेळ सांभाळली तर तो लागतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ही तपासणी मोजते तरी काय?

फिट येते तेव्हा मेंदूतल्या पेशी एकदम, एका तालात आणि गरजेपेक्षा कितीतरी जोरात संदेश सोडायला लागतात. फिटची गोळी हा गोंधळ आधीच दाबून ठेवते. डोकेदुखीच्या गोळीसारखं दुखलं तेव्हा घेतली, असं तिचं काम नाही. ती चोवीस तास रक्तात पुरेशी असावी लागते. कमी पडली तर फिट येण्याचा धोका असतो. जास्त झाली तर चक्कर, झोपाळूपणा, दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं सुरू होतं.

आता अडचण अशी की गोळीवर छापलेले मिलिग्रॅम सगळ्यांना सारखे, पण शरीरं सारखी नाहीत. एकाचं यकृत औषध भराभर मोडतं, दुसऱ्याचं सावकाश. लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा लवकर संपवतात, म्हातारी माणसं हळू. त्यामुळे तीनशे मिलिग्रॅमवर एकाच्या रक्तात औषध जेमतेम असतं आणि शेजारच्याला त्याच तीनशेवर भोवळ येते. रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये औषधाचे किती मायक्रोग्रॅम आहेत, हे मोजायचं म्हणजे 'लेव्हल काढायची'. यापुढे मी नुसता 'लेव्हल' हाच शब्द वापरते.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा फिटचा आजार, म्हणजे अपस्मार, आहे आणि नीट औषधोपचार मिळाला तर त्यातले सत्तर टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बहुतेकांसाठी उपाय आहे. तो योग्य मापात पोचतो आहे ना, हे पाहायचं एक साधन म्हणजे ही लेव्हल.

गंगापूर धरणाचा साठा आणि रक्तातलं औषध

पावसाळ्यात आपल्याकडे रोज बातमी असते, गंगापूर धरणात आज इतके टक्के साठा. पण तारीख न सांगता कुणी नुसतंच म्हटलं, "धरण पन्नास टक्के आहे," तर आपल्याला काय कळेल? ऑगस्टअखेर पन्नास टक्के म्हणजे काळजी. मे महिन्यात पन्नास टक्के म्हणजे चैन. आकडा तोच, अर्थ उलटा.

रक्तातल्या औषधाचं अगदी तसंच आहे. गोळी घेतली की आवक होते आणि पातळी चढते. यकृत आणि मूत्रपिंडं सतत विसर्ग करत असतात, त्यामुळे पुढच्या गोळीपर्यंत ती उतरत जाते. रोज दोनदा गोळी घेणाऱ्याच्या रक्तात रोज दोन चढ आणि दोन उतार असतात. चढावर रक्त दिलं तर आकडा मोठा येणार, उतारावर दिलं तर लहान.

तुटवडा कधी पडेल हे जाणायचं असेल तर धरणाचा साठा उन्हाळ्याच्या शेवटी बघतात. त्याच न्यायाने लेव्हलसाठी रक्त घ्यायची योग्य वेळ म्हणजे पातळी सगळ्यात खाली असते ती, पुढची गोळी घेण्याच्या लगेच आधीची. रात्रीची गोळी आणि सकाळची गोळी यांत बहुधा सगळ्यात मोठं अंतर असतं. म्हणून डॉक्टर सांगतात, "सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्या." या वेळेला दोन फायदे आहेत. एक, सगळ्यात कमी असताना औषध पुरतं आहे का हे कळतं. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो : ही वेळ दर खेपेला पुन्हा गाठता येते. 'गोळीनंतर तीन तासांनी' हे प्रत्येक वेळी जमत नाही, शिवाय त्या तीन तासांत काय खाल्लं आणि गोळी किती लवकर विरघळली यावर आकडा हलतो. गोळीआधीचा आकडा तितका हलत नाही. मग मार्चचा रिपोर्ट आणि सप्टेंबरचा रिपोर्ट शेजारी ठेवून खरंच काही बदललं का ते सांगता येतं.

फिटतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००८ साली या तपासण्यांबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांतही भर गोळीआधीच्या नमुन्यावरच आहे.

डोस बदलला, आता किती दिवस थांबायचं?

वेळेचा दुसरा अर्थ दिवसांचा आहे, आणि चुका इथे जास्त होतात. डॉक्टर सोमवारी डोस वाढवतात. घरच्यांना काळजी असते, त्यामुळे बुधवारी लेव्हल काढून मोकळे होतात. आकडा कमी येतो. मग धावपळ, फोन, कधीकधी पुन्हा डोसवाढ. खरं तर पहिली वाढच अजून रक्तात पुरती उतरलेली नसते.

इथे एकच संकल्पना समजून घ्यावी लागते : अर्धायुष्य. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. नव्या डोसवर पातळी हळूहळू चढते. एक अर्धायुष्य गेलं की नव्या पातळीचा निम्मा टप्पा गाठलेला असतो, दुसऱ्यानंतर पाऊण, तिसऱ्यानंतर साडेसत्त्याऐंशी टक्के, आणि पाच झाली की सत्त्याण्णव टक्के. तिथे आवक आणि विसर्ग यांचा मेळ बसतो. रोजचे चढउतार चालूच राहतात, पण रोज सारखेच. म्हणून ढोबळ नियम असा की डोस बदलल्यावर पाच अर्धायुष्यं जाऊ द्यावीत, मग रक्त द्यावं.

प्रत्येक औषधाचा हिशोब त्यामुळे वेगळा होतो. लेव्हेटिरासिटामचं अर्धायुष्य मोठ्या माणसांत सहा ते आठ तास, म्हणजे दोन दिवसांत पातळी बसते. व्हॅल्प्रोएटचं साधारण नऊ ते सोळा तास, म्हणजे दोन ते चार दिवस. फिनोबार्बिटाल, ज्याला आपल्याकडे जुने लोक 'गार्डिनल' म्हणूनच ओळखतात, ते १९१२ पासून वापरात आहे आणि फार सावकाश जातं. त्याचं अर्धायुष्यच तीन-चार दिवसांचं, त्यामुळे दोन-तीन आठवडे थांबल्याशिवाय लेव्हल काढण्यात अर्थ नाही.

कार्बामाझेपिनची तऱ्हा आणखी निराळी. ते स्वतःलाच मोडणारी यंत्रणा यकृतात वाढवतं. सुरुवातीला त्याचं अर्धायुष्य पंचवीस ते पासष्ट तास असतं, तीन ते पाच आठवड्यांत ते बारा ते सतरा तासांवर येतं. म्हणजे पहिल्या आठवड्यात छान दिसलेली लेव्हल, गोळी एकही न चुकवता, महिन्याने उतरलेली दिसू शकते. "पोरगं गोळ्या टाकून देतंय" असा संशय घरात सुरू होतो तो इथेच. पोराचा काही दोष नसतो. नव्याने सुरू केलेल्या कार्बामाझेपिनची खरी लेव्हल महिन्याभरानंतरचीच मानावी.

फेनिटॉइन : थोडं वाढवलं आणि एकदम चढलं

फेनिटॉइनवर वेगळं लिहायलाच हवं, कारण ते जुनं, स्वस्त आणि खेड्यापाड्यांत सगळ्यात जास्त मिळणारं औषध आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ हाइनरिख बिल्ट्झ यांनी १९०८ मध्ये ते तयार केलं, फिटवर ते चालतं हे अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी १९३८ मध्ये दाखवून दिलं, आणि आजही लाखो लोक त्यावर आहेत.

बाकी बहुतेक औषधांत डोस दीडपट केला की पातळी साधारण दीडपट होते. फेनिटॉइनमध्ये तसं होत नाही. ते मोडणारी यकृतातली यंत्रणा एका मर्यादेपर्यंतच काम करते. धरणाचे सगळे दरवाजे आधीच पूर्ण उघडलेले असावेत आणि वरून आवक थोडीशी वाढावी, असं होतं. जास्तीचं पाणी जायला वाटच उरत नाही. ३०० मिलिग्रॅमचे ४०० केले तर आपल्याला वाटतं लेव्हल तिसऱ्या हिश्श्याने वाढेल. प्रत्यक्षात ती दुप्पट, कधी त्याहूनही जास्त होऊ शकते. याच कारणाने जाणते डॉक्टर हे औषध २५ किंवा ५० मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनी वाढवतात आणि मधे लेव्हल बघतात. कितव्या दिवशी बघायची याचंही एकच उत्तर नाही. एक आठवडा ते तीन आठवडे, कारण पातळी जितकी वर, तितकं ते शरीरातून निघायला हळू.

नेहमीची मर्यादा १० ते २० मायक्रोग्रॅम. वीसच्या वर डोळ्यांची बुबुळं बाजूला बघताना थरथरू लागतात, तिसाच्या आसपास चाल बिघडते, चाळिसाच्या वर सुस्ती आणि गोंधळलेपण येतं. माणसागणिक हे मागेपुढे होतं. झोकांड्या खाणाऱ्या माणसाला लोक दारू प्यायलेला समजतात, आणि ते ऐकून घ्यावं लागलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना तो अपमान तपासणीने टाळता आला असता, याचं मला वाईट वाटतं.

फेनिटॉइनचा नव्वद टक्के भाग रक्तातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटून असतो. काम करतो तो उरलेला मोकळा दहा टक्के. नेहमीची तपासणी दोन्ही मिळून मोजते. ज्याचं अल्ब्युमिन कमी आहे, म्हणजे कुपोषण, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, त्याच्यात एकूण आकडा कमी दिसतो पण मोकळं औषध पुरेसं असतं. अशा वेळी केवळ 'कमी' बघून डोस वाढवला तर माणूस आडवा होतो. म्हणून अशा पेशंटच्या लेव्हलसोबत अल्ब्युमिनही बघतात.

"पण मला उपाशी यायला सांगितलंय"

साखरेच्या तपासणीने आपल्याला एक सवय लावली आहे : रक्त म्हणजे उपाशीपोटी. लेव्हलला उपाशी राहायची गरज नाही. गोळी तेवढी घ्यायची नाही, चहा-पोहे चालतात. पण घडतं नेमकं उलट. लोक कडकडीत उपाशी येतात, आणि "औषध मात्र चुकवायचं नाही" म्हणून पहाटे पाचलाच घोटभर पाण्याबरोबर गोळी घेऊन येतात. त्यांची निष्ठा बघून जीव तुटतो, कारण त्या दिवशी घेतलेलं रक्त जवळपास वाया गेलेलं असतं.

दुसरी चूक याहून धोक्याची. काहीजण सकाळची गोळी टाळायची म्हणून आदल्या रात्रीचीही टाळतात. तसं कधीच करू नका. रात्रीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायची. सकाळची गोळी खिशात किंवा पर्समध्ये घालून आणायची. रक्त दिलं, कापूस दाबून धरला, की तिथेच पाणी मागून गोळी घ्यायची. घरी पोचून घेईन असं म्हणू नका. सीबीएस किंवा नाशिकरोडला एसटी चुकली की दुपार होते.

गोळी सहाला घेता आणि लॅब सातला उघडते? बहुतेक औषधांत तासाभराचा उशीर निभावतो, पण ज्यांच्या फिट अजून आटोक्यात नाहीत त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्याला सकाळ जमतच नाही. त्याने संध्याकाळच्या गोळीआधी रक्त द्यावं, आणि पुढच्या वेळीही संध्याकाळीच द्यावं. अंबड-सातपूरला रात्रपाळी करणाऱ्याची 'सकाळ' दुपारी दोनला असेल तर त्याची वेळ ती. घड्याळात किती वाजलेत याला महत्त्व नाही, शेवटच्या गोळीपासून किती तास झाले याला आहे.

ज्यांना दिवसातून एकदाच, रात्री झोपताना फेनिटॉइन किंवा गार्डिनल असतं त्यांनी काय करायचं? ही औषधं इतकी सावकाश उतरतात की चोवीस तासांत आकडा फारसा हलत नाही. सकाळी दिलेलं रक्त चालतं, मात्र दर वेळी तीच वेळ ठेवायची. आणि व्हॅल्प्रोएटच्या आवरण घातलेल्या गोळ्या उशिरा विरघळतात, त्यामुळे त्यांचा तळ, म्हणजे पातळी सगळ्यात खाली असण्याची वेळ, सकाळच्या गोळीनंतरही थोडा पुढे सरकू शकतो. त्याची चिंता आपण करायची नाही. वेळ खरी सांगायची, बाकीचं डॉक्टर समजून घेतात.

आकडा मर्यादेबाहेर आहे, आता?

रिपोर्टावर औषधाच्या नावापुढे मर्यादा छापलेली असते. फेनिटॉइन १० ते २०, कार्बामाझेपिन ४ ते १२, व्हॅल्प्रोएट ५० ते १००. आकडा बाहेर गेला की संगणक तो ठळक करतो, आणि ठळक अक्षर दिसलं की काळजाचा ठोका चुकतो.

या मर्यादा बऱ्याच माणसांवरून काढलेल्या आहेत. तुमची स्वतःची मर्यादा त्यापेक्षा वेगळी असू शकते. कुणाला फेनिटॉइनच्या आठवर वर्षानुवर्षं फिट येत नाही. त्याला दहावर न्यायचं काही कारण नाही, आकडा सुधारला तरी पेशंट सुधारणार नाही, तो आधीच बरा आहे. कुणाला व्हॅल्प्रोएटच्या नव्वदवर, मर्यादेच्या आत असूनही, हात कापतात. त्याचा त्रास खरा आहे, रिपोर्टात 'नॉर्मल' लिहिलंय म्हणून तो खोटा होत नाही. चांगले डॉक्टर आधी विचारतात, फिट आली का, झोप कशी आहे, तोल जातो का, आणि मग आकड्याकडे बघतात.

म्हणून ज्याचं छान चाललं आहे त्यानेही एकदा लेव्हल काढून ठेवणं मला फायद्याचं वाटतं. फिट थांबल्या आहेत, त्रास काही नाही, अशा दिवसांतली गोळीआधीची लेव्हल ही त्या माणसाची स्वतःची खूण होते. दोन वर्षांनी अचानक फिट आली तर तुलना करायला काहीतरी हातात असतं. दर महिन्याला काढण्यात मात्र काही अर्थ नाही, ते पैसे वाचवा. लेव्हेटिरासिटामसारख्या नव्या औषधांत तर रोजच्या उपचारासाठी लेव्हलची गरज सहसा पडतच नाही. मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर गोष्ट वेगळी.

वेळेचा नियम कधी मोडायचा

नुकतीच फिट येऊन गेली असेल आणि दवाखान्यात नेलं असेल, तर उद्या सकाळची वाट बघत बसायचं नाही. त्याच वेळी घेतलेलं रक्त सांगतं की फिट आली तेव्हा औषध होतं की नव्हतं. उद्यापर्यंत दोन गोळ्या पोटात जातील आणि तो पुरावा पुसला जाईल.

औषध जास्त झाल्याची लक्षणं असतील तरी तसंच. कार्बामाझेपिन घेणाऱ्या काहींना गोळीनंतर दोन-चार तासांनी दोन-दोन दिसतं आणि संध्याकाळपर्यंत निवळतं. अशा माणसाचं रक्त सकाळी गोळीआधी घेतलं तर आकडा साजरा दिसणार आणि तक्रार मनाची ठरणार. त्याचं रक्त त्रास होत असतानाच घ्यावं. जमलं तर गोळीआधीचं एक आणि त्रासाच्या वेळचं एक. मग डॉक्टर एकूण डोस तोच ठेवून तो दिवसात जास्त वेळा विभागून देऊ शकतात, किंवा हळूहळू सुटणारी गोळी देऊ शकतात.

गोळ्या वेळेवर घेऊनही लेव्हल का हलते?

टीबीचे उपचार आपल्याकडे घरोघरी आढळतात, म्हणून तिथून सुरुवात. टीबीच्या औषधांतलं आयसोनियाझिड फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनची पातळी वाढवतं, रिफॅम्पिसिन ती खाली आणतं. पेशंट दोन्ही एकत्र घेत असतो. शेवटी कोण जिंकेल हे माणसागणिक बदलतं, म्हणून टीबीचं औषध सुरू करताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा लेव्हल बघावी. घशासाठी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन कार्बामाझेपिन चढवतं. दवाखान्यात मेरोपेनेम हे प्रतिजैविक शिरेतून दिलं तर व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत कोसळते. तेव्हा ताप, खोकला, दात, काहीही असो, नव्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की मला फिटची गोळी चालू आहे, आणि तिचं पाकीट दाखवा.

मग आपला पावसाळा. कार्बामाझेपिनच्या गोळ्या ओल धरतात, आणि दमट हवेत उघड्या राहिल्या तर त्यांचा परिणाम तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कमी होऊ शकतो. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ भागात जुलैत भिंतींनाही पाझर फुटतो. तिथे या गोळ्या मोरीजवळच्या फळीवर किंवा चुलीशेजारी ठेवू नका. पाकिटातून काढून आठवड्याभराच्या डबीत भरायची सवय असेल तर डबी घट्ट झाकणाची हवी.

मुलांसाठी फेनिटॉइनचं पातळ औषध मिळतं. ते तळाशी बसतं. बाटली न हलवता दिलं तर पहिले काही दिवस मुलाला पातळ पाणी मिळतं आणि बाटलीचा तळ आला की दाट औषध. आधी फिट, मग गुंगी, आणि आईला कळेना काय चाललंय. दर वेळी बाटली चांगली हलवायची आणि घरातल्या चमच्याऐवजी मापाचं टोपण वापरायचं.

कंपनी बदलली तर? १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फेनिटॉइन घेणाऱ्या बऱ्याच लोकांना एकाएकी विषबाधेसारखा त्रास सुरू झाला. औषधाचं प्रमाण तेच होतं. कॅप्सूलमध्ये भर म्हणून घातलेलं कॅल्शियम सल्फेट बदलून लॅक्टोज घातलं होतं, आणि त्यामुळे औषध जास्त शोषलं गेलं. यावरून स्वस्त जेनेरिक वाईट असा अर्थ कुणी काढू नये. दर्जेदार जेनेरिक उत्तम चालतात आणि गरिबाला तेच परवडतं. दर महिन्याला वेगळी कंपनी असं करू नये, एवढंच. विशेषतः फेनिटॉइनमध्ये कंपनी बदलावीच लागली तर डॉक्टरांना कळवावं.

गरोदरपण आणि बाळंतपण

लॅमोट्रिजिन हे फिटचं औषध घेणाऱ्या बाईला दिवस राहिले की तिचं शरीर ते औषध खूप वेगाने बाहेर टाकायला लागतं. पातळी निम्म्यावर, कधी त्याखालीही येते. त्यामुळे दिवस राहण्याआधी एकदा आणि मग गरोदरपणात ठरावीक अंतराने लेव्हल काढतात आणि डोस वाढवत नेतात. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत शरीर पूर्ववत होतं, मग वाढवलेला डोस जड होतो आणि बाळाला घेऊन उभी राहिलेली आई भोवळते. या आठवड्यांकडे दुर्लक्ष फार होतं, कारण घरात सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही लॅमोट्रिजिन उतरतं, तेही सांगायला हवं. व्हॅल्प्रोएटमुळे बाळात व्यंगाचा धोका वाढतो, म्हणून मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं. पण दिवस राहिल्याचं कळताच घाबरून गोळी स्वतःहून बंद करणं आईच्या आणि बाळाच्याही जिवावर बेतू शकतं.

चिठ्ठीवरची रिकामी जागा

आमच्या चिठ्ठीवर दोन ओळी असतात. 'शेवटचा डोस कधी घेतला' आणि 'नमुना कधी घेतला'. पहिली ओळ बहुधा रिकामीच असते. रक्त देताना ती स्वतःहून भरायला लावा : काल रात्री साडेनऊला व्हॅल्प्रोएट ५००, कंपनीचं नाव, शेवटचा डोसबदल कधी झाला, सोबत दुसरी कोणती औषधं. सलाइन चालू असेल तर दुसऱ्या हातातून रक्त घ्यायला सांगा. लेव्हलचं रक्त शक्यतो साध्या, लाल टोपणाच्या नळीत घेतात. पिवळ्या टोपणाच्या नळीत जेल असतो, आणि काही प्रकारचे जेल फेनिटॉइनसारखी औषधं शोषून घेतात. नमुना मुंबईला जाणार असेल आणि रात्रभर त्या नळीत पडून राहणार असेल तर फरक पडू शकतो. घरी रक्त न्यायला येणाऱ्या मुलालाही हे विचारायला हरकत नाही. त्याला राग येणार नाही.

काही बाया ती ओळ जाणूनबुजून चुकीची भरतात. एक नवी नवरी सासूबरोबर आली होती. गोळी कधी घेतली विचारल्यावर तिने आधी सासूकडे पाहिलं, मग म्हणाली, "गोळी? गोळी नाही घेत मी काही." मी तिला सुई टोचायच्या निमित्ताने आत नेलं, पडदा ओढला आणि परत विचारलं. रात्री बाराला, सगळे झोपल्यावर, ओट्याच्या कोपऱ्यातल्या डब्यातून ती गोळी घेत होती. कधी बारा, कधी एक, पाहुणे असले की नाहीच. तिची लेव्हल कशी स्थिर राहणार? अपस्मार आहे म्हणून लग्न रद्द ठरवण्याची हिंदू विवाह कायद्यातली तरतूद १९९९ मध्ये काढून टाकली गेली. कायदा बदलून इतकी वर्षं झाली तरी गोळ्या अजून डाळीच्या डब्यात लपवल्या जातात. लॅबमध्ये काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हा प्रश्न काउंटरवर मोठ्याने विचारू नका.

आणि पेशंटना एक. लेव्हल तुम्हाला पकडण्यासाठी नसते. चार दिवस गोळ्या चुकल्या असतील तर चुकल्या म्हणून सांगा. तपासणीच्या आदल्या दिवशी दोन-दोन गोळ्या घेऊन आकडा भरून काढू नका. डॉक्टर त्या खोट्या आकड्यावर डोस ठरवतील आणि तुम्ही फिटसकट घरी परताल.

लॅबची वाट कधी बघायची नाही

रिपोर्टातला आकडा कितीही कमी-जास्त असला तरी गोळी स्वतःहून वाढवू, कमी करू किंवा बंद करू नका. फिटचं औषध एकदम थांबवलं तर एकामागून एक फिट येऊ शकतात. आकडा जास्त आहे आणि तोल जातोय, उलट्या होतायत, माणूस नीट जागा राहत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि फिट पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर १०८ लावा. तोवर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात चमचा, पाणी, गोळी काहीही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका. घड्याळाकडे लक्ष ठेवा, किती मिनिटं चालली हे दवाखान्यात पहिल्यांदा विचारतात. शेवटची गोळी किती वाजता घेतली होती, तेही विचारतील. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ते माहीत असू द्या.